वास्तू जपायची तर वस्ती जपा



गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या गावातल्या जुन्या सराईत बैठक झाली. सराई म्हणजे पूर्वीचा मुसाफिरखाना. दगडी कमानींची एक ओळ, मधोमध हौद, मागे विहीर आणि कोपऱ्यात एक कुलूपबंद खोली. त्या खोलीतल्या लोखंडी पेटीत जुनी फारसी आणि उर्दू हस्तलिखिते, पितळेचे दिवे, दोन-तीन जुनी कुलपे असे काहीबाही पडून आहे. कमिटीने वर्गणी जमवली आहे. आता काम काय करायचे, त्याची यादी वाचून दाखवण्यात आली. कमानींना सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, खाली चकचकीत टाइल्स, हौद बुजवून गाड्या लावायला जागा आणि रस्त्याच्या बाजूने सहा गाळे. गाळ्यांचे भाडे आले की सराईचा खर्च भागेल, असा हिशोब.

कमिटीला नावे ठेवावीत असे यात काही नव्हते. सराईला एक पैशाचे उत्पन्न नाही. छत गळते. विजेचे बिल कमिटीतली माणसे आळीपाळीने स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांची नियत साफ आहे. पण आमचे मत विचारले तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, "एक महिना थांबा. दगडावर एकदा ऑइलपेंट बसला की तो सहजासहजी निघत नाही." एक बुजुर्ग हाजीसाहेब हसून म्हणाले, "शाळावाले विचार फार करतात." सगळे हसले, आम्हीही हसलो. पण महिना मिळाला. त्या महिन्यात जे आठवले, जे वाचले आणि जे पूर्वी पाहिले होते, ते एकत्र केले. तेच आज तुमच्यापुढे ठेवत आहोत. कारण अशी एखादी सराई, बारव, दर्ग्याचे आवार किंवा जुन्या वस्तूंची पेटी तुमच्याही गावात असेल.

मुलींनी पाणी का प्यायले नाही?

आधी एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलींची सहल घेऊन आम्ही शेजारच्या जिल्ह्यातली एक नामांकित जुनी वास्तू पाहायला गेलो होतो. जागेचे नाव घेत नाही, कारण असे काही एकाच ठिकाणी घडते असे नाही. तिकीट खिडकीवरचा माणूस मुलींवर खेकसला. स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता. माहितीचा फलक उन्हाने पुसट झालेला. सावलीत टेकायला एक बाक नाही. बारा वाजता एका मुलीला चक्कर आली. चौकशी केली तेव्हा कळले की बहुतेक मुलींनी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. घरून अम्मीने बजावून पाठवले होते, "बाहेर सोय नसते, पाणी कमी पी."

त्यातल्याच एकीने वाटेत विचारले होते, "टीचर, इथं राहणाऱ्यांना पाणी कुठून यायचं? स्वयंपाक कोण करायचं?" फलकावर कोणाची सत्ता कोणत्या साली होती ते होते, तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्हालाही देता आले नाही. परत आल्यावर सहलीवर निबंध लिहायला सांगितला. तिने वास्तूवर तीन ओळी लिहिल्या आणि बसमधल्या गाण्यांच्या भेंड्यांवर एक पान. आम्ही तिचे गुण कापले नाहीत. त्या जागेने तिला दिले तेवढेच तिने लिहिले होते.

आपण नेहमी म्हणतो, "आपल्या मुलांना आपल्या वारशाची कदर नाही." पण ज्या जागी मुलीला पाणी पिण्याची भीती वाटते, ज्या जागी दादीला बसायला जागा नाही, तिथे कदर यावी कुठून?

दिल्लीतला एक कोपरा

दिल्लीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक कुटुंब हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर हजेरी लावतेच. तिथून रस्ता ओलांडून थोडे चालले की हुमायूनचा मकबरा. हुमायून बादशहा १५५६ मध्ये वारला. त्याची बेगम बेगा बेगम, जिला लोक हाजी बेगम म्हणून ओळखतात, तिने हा मकबरा बांधून घेतला असे मानले जाते. मीरक मिर्झा गियास हा त्याचा वास्तुकार. १५७० च्या सुमारास काम पूर्ण झाले. पुढे ताजमहाल उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधी चारबागेच्या मधोमध उंच चौथऱ्यावरचा हा घुमट दिल्लीने पाहिला होता. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

एवढा मान मिळूनही बागेतले पाण्याचे पाट कोरडे होते. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, आगा खान सांस्कृतिक न्यासाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर बागेचे काम हाती घेतले. २००३ मध्ये ते पूर्ण झाले. पाट पुन्हा वाहू लागले. जुन्या विहिरी उपसल्या गेल्या. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी १२८ शोषखड्डे केले गेले. म्हणजे बाग नुसती दिसायला हिरवी केली नाही, तिच्या पाण्याचीही तजवीज केली.

मग २००७ मध्ये याच मंडळींनी एक मोठा करार केला. त्यात पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि दिल्ली महानगरपालिकाही होती. या करारात फक्त मकबरा नव्हता. शेजारची सुंदर नर्सरी होती आणि दर्ग्याभोवतीची दाट, गरीब निजामुद्दीन वस्तीही होती. आमच्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

छतावरचे दहा लाख किलो

आधी मकबऱ्याचे पाहू, कारण आमच्या सराईच्या सिमेंटचा प्रश्न त्यात आहे. विसाव्या शतकात मकबऱ्याच्या गळक्या छतावर वेळोवेळी सिमेंट काँक्रीटचे थर टाकले गेले होते. गळती दिसली की एक थर, पुन्हा दिसली की आणखी एक. दुरुस्तीच्या वेळी हे सगळे हाताने खोदून काढले, तेव्हा त्याचे वजन सुमारे दहा लाख किलो भरले. जुनी इमारत ज्या चुन्यात बांधलेली असते तो चुना श्वास घेतो. आत गेलेला ओलावा तो हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट तो ओलावा आत कोंडून ठेवते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून दगड कुजत जातो.

म्हणून तिथे पुन्हा चुना वापरला गेला. गूळ, बेलफळाचा गर असे जुने जिन्नस चुन्यात घालून मुरवणारे गवंडी बोलावले गेले. मकबऱ्याच्या कामात कारागिरांचे सुमारे दोन लाख दिवसांचे श्रम लागले. छत्र्यांवरच्या रंगीत फरशांची कला आपल्याकडे जवळजवळ संपली होती. ती शिकवायला उझबेकिस्तानातून कारागीर आले आणि शिकणारे होते निजामुद्दीन वस्तीतले तरुण. बाबरही तिकडूनच आला होता. पाचशे वर्षांनी त्याच मुलखातला हुन्नर एका बेरोजगार पोराच्या हाताला काम देऊन गेला.

२०१४ च्या मे महिन्यात दिल्लीत वादळ आले आणि घुमटावरचा कळस मोडून खाली पडला. तांब्याचा पत्रा आणि आत सागवानासारखे टिकाऊ सालाचे लाकूड. जुन्या पद्धतीने नवा कळस घडवून २०१६ मध्ये बसवला गेला. पडलेला कळस भंगारात गेला नाही. जुलै २०२४ मध्ये मकबऱ्याशेजारी जमिनीखाली बांधलेले नवे संग्रहालय सुरू झाले, त्यात तो ठेवला आहे. घुमटाच्या उंचीवर असलेली गोष्ट आता लहान मूल डोळ्यासमोर पाहू शकते. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना यात मोठा धडा दिसतो. मोडलेली वस्तूही सांगण्यासारखी असते.

आमच्या हिंदीच्या तासाला रहीमचे दोहे असतात. ते लिहिणारा अब्दुर्रहीम खानखाना त्याच परिसरात दफन आहे. तो मकबरा त्याने मुळात आपल्या बेगमसाठी बांधला होता. अठराव्या शतकात सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी त्याचा संगमरवर उपटून नेला गेला. अनेक वर्षे ती इमारत उघडी-बोडकी उभी होती. एका खासगी कंपनीच्या फाउंडेशनने खर्च उचलला आणि सहा वर्षांच्या कामानंतर २०२० मध्ये ती दुरुस्त झाली. दोहे पाठ करणाऱ्या आमच्या मुलांपैकी किती जणांना कवीची कबर कुठे आहे ते ठाऊक असेल? आम्हालाही चाळिशीत कळले.

भिंतीच्या बाहेर काय झाले?

आता वस्तीकडे वळू. आपल्याकडे वारसा जपणे म्हणजे कुंपण घालणे, गेट बसवणे आणि शेजारच्यांना लांब ठेवणे, असा समज आहे. निजामुद्दीनमध्ये उलट विचार झाला. महानगरपालिकेची शाळा सुधारली गेली. दवाखाना सुधारला गेला. सार्वजनिक स्वच्छतागृहे झाली. वस्तीच्या कडेच्या मोकळ्या जागेत बागा झाल्या आणि त्यातली एक केवळ महिलांसाठी, पर्दा बाग. जिथे आया आपल्या लेकरांना घेऊन निवांत बसू शकतील, बुरखा बाजूला ठेवून दोन श्वास घेऊ शकतील. आम्हाला वाटते, एखाद्या फलकापेक्षा या बागेने त्या बायकांना "ही जागा तुमची आहे" हे अधिक चांगले सांगितले असेल.

दर्ग्याशेजारची चौदाव्या शतकातली बावली २००८ च्या पावसाळ्यात एका बाजूने ढासळली. तिच्या भिंतीवर घरे होती. त्या कुटुंबांना दुसरीकडे जागा दिल्यावर भिंत पुन्हा उभी राहिली आणि शतकानुशतके साचलेला गाळ काढला गेला.

आणि रोजगार. वस्तीतल्या बायकांनी 'इन्शा-ए-नूर' नावाचा गट केला. त्या कागदाची नाजूक जाळी कापतात, भरतकाम करतात, क्रोशा विणतात. नक्षी मकबऱ्याच्या जाळ्यांवरची असते आणि पाहुणा ती वस्तू विकत घेऊन घरी नेतो. दुसरा गट 'जायका-ए-निजामुद्दीन'. याची सुरुवात २०१२ च्या सुमारास वस्तीतल्या मुलांना पोषक खाऊ मिळावा म्हणून झाली आणि पुढे त्याच हातांनी घरगुती पदार्थांच्या मागण्या घ्यायला सुरुवात केली. तिसरा गट तरुणांचा, 'सैर-ए-निजामुद्दीन'. हे तरुण पाहुण्यांना गल्ल्यांतून फिरवतात आणि त्या जागेची गोष्ट सांगतात.

आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तिथे गेलो होतो. दर्ग्याच्या गल्लीत फुलांच्या चादरी विकणाऱ्यांची तीच ओढाताण, तीच गर्दी, गटारेही वाहत होती. सगळे सुधारले असे मुळीच नाही. पण रस्ता ओलांडून मकबऱ्याच्या बागेत शिरलो आणि आमच्या अम्मी एका ओट्यावर बसल्या त्या तासभर उठेनात. वयामुळे त्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढू शकल्या नाहीत. पाटातले पाणी पाहत बसल्या. निघताना म्हणाल्या, "कबर पाहिली नाही, पण दिल खुश झाला." पायऱ्या न चढू शकणाऱ्यालाही काही मिळावे, याला आम्ही पाहुणचार म्हणतो.

पैसा कुठून येतो?

हे सगळे दानावर चालते का? सुरुवातीला मोठे दान लागलेच. आगा खान न्यासाबरोबर टाटांच्या न्यासाने मकबऱ्याच्या दुरुस्तीला मोठा हातभार लावला. पण दान एकदा येते आणि माळी, झाडूवाला, पहारेकरी यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून शेजारच्या सुंदर नर्सरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवताना कोणती झाडे इथे जगतील हे पाहण्यासाठी ही रोपवाटिका काढली होती. पुढे ती दुर्लक्षित झाली. सुमारे नव्वद एकरांच्या त्या जागेत मुघलकालीन कितीतरी इमारती झुडपांत दडल्या होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती बाग म्हणून लोकांसाठी खुली झाली. तिथे प्रवेशाला तिकीट आहे. लोक डबे घेऊन येतात, मुले खेळतात, रविवारी शेतमालाचा बाजार भरतो, थंडीत मैफली होतात. कोणी इतिहासासाठी येतो, कोणी नुसता हिरवळीवर लोळायला. पैसे दोघांचेही लागतात आणि दोघांच्याही नजरेला तो घुमट पडतो.

इथे एक बाब नमूद करू. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबराही त्यातच येतो. म्हणजे चार लेकरांचे कुटुंब दोन तिकिटांत आत जाऊ शकते. हे माहीत नसल्याने कित्येक घरे दारावरूनच परत फिरतात.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही

काहींना वाटेल, धर्मादाय जागेतून उत्पन्न काढणे बरे नव्हे. पण आपल्या पूर्वजांनी जागा बांधताना तिच्या खर्चाची सोय आधी केली होती. ताजमहालाच्या देखभालीसाठी शाहजहानने आग्रा परिसरातल्या तीस गावांचा महसूल लावून दिला होता, शिवाय दाराशी बाजार आणि सराया होत्या. त्यांचे उत्पन्नही तिकडेच जाई. वक्फ या शब्दाचा अर्थच असा की मूळ मालमत्ता थांबवून ठेवायची आणि तिचे फळ लोकांच्या कामी लावायचे. मूळ विकायचे नाही, मोडायचे नाही.

आणि संभाजीनगरची पाणचक्की पाहा, जिला आपण सगळे पनचक्की म्हणतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे ते आवार. काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले, ते उंचावरून सोडले आणि त्या धारेवर जाते फिरवले. पीठ दळले जाई ते फकीर, मुसाफिर आणि शागीर्द यांच्यासाठी. शेजारी मदरसा, वाचनालय, हौद, सावलीचा वड. पाणी, भाकरी, सावली, किताब हे चारही एकाच आवारात. पाहुण्याचे स्वागत करणारी आणि स्वतःच्या पायावर उभी असलेली संस्था आणखी कशी असते? सहलीतल्या त्या मुलीने विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पनचक्कीत उभी आहेत. पाणी कुठून आले आणि अन्न कसे शिजले.

मुंबईकर वाचकांसाठी भायखळ्याचे उदाहरण. राणीच्या बागेत आपली मुले पेंग्विन पाहायला जातात. दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले. कित्येक वर्षे ते मोडकळीला आले होते. महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि बजाज घराण्याचे एक फाउंडेशन या तिघांनी मिळून ते दुरुस्त केले आणि २००८ मध्ये पुन्हा उघडले. जुन्या मुंबईतल्या कामगारांच्या, विणकरांच्या, वेगवेगळ्या जमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथे आहेत. मदनपुरा-नागपाड्याहून चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्या पणजोबांचा पेहराव काय होता, हे तिथे मुलांना दाखवता येते.

भिंतीपलीकडचा दिवस

दिल्लीचे सगळे गोडच सांगितले तर ते खरे होणार नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी हुमायूनच्या मकबऱ्याला लागून असलेल्या एका छोट्या दर्ग्याच्या खोलीचे छत कोसळले आणि तिथे असलेल्या काही जणांचा जीव गेला. एका भिंतीच्या अलीकडे दोन लाख दिवसांचे श्रम, पलीकडे पावसात भिजलेले छत. ही बातमी वाचल्यापासून आमच्या सराईच्या गळत्या कमानी आम्हाला निराळ्या दिसू लागल्या. तिथे दर गुरुवारी बायका-मुले बसतात. म्हणून "जुने आहे तसे राहू द्या" असेही आम्ही म्हणत नाही. दुरुस्ती हवी आणि लवकर हवी. ती जाणकाराच्या हातून हवी.

महिनाभरानंतर

बैठक पुन्हा बसली. यावेळी शाळेतल्या पालक-सभेत काही आयांशी बोलून आम्ही त्यांचेही म्हणणे लिहून नेले होते. एकीचे वाक्य आम्ही तसेच वाचून दाखवले: "गाळ्यांचं भाडं येईल, पण आम्हाला आत बसायला जागा राहील का?" क्षणभर कोणी बोलले नाही.

मग आम्ही मांडलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. पहिली, कागद तपासा. वास्तू संरक्षित असेल तर तिच्यापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. जागा वक्फची असेल तर बोर्डाची मंजुरी हवी. उद्या गाळे पाडावे लागले तर वर्गणीदारांना तोंड कसे दाखवणार?

दुसरी, सगळ्यात आधी छत, आणि तेही चुन्यात. शेजारच्या गावात चुन्याचे काम येणारे एक वयस्क गवंडी आहेत. त्यांच्या हाताखाली आपली दोन पोरे शिकली, तर पुढची दुरुस्ती घरच्या घरी होईल.

तिसरी, रंगाच्या आधी स्वच्छतागृह. बायकांचे वेगळे, आतून कडी लागणारे, पाणी असलेले, आणि किल्ली जेवायला न जाणारे. यावर हसू आले, पण मंजूर झाले.

चौथी, पेटीतली हस्तलिखिते. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळू नयेत, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सुती कापडात बांधून कोरड्या, लाकडी फळीवर आडवी ठेवावीत. एक वही करावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, मोबाइलने काढलेला फोटो, कोणाच्या घरून आली ती नोंद. हे काम आमच्या नववीच्या मुली करतील, उर्दू वाचता येते त्यांना. संग्रहालयाची सुरुवात अशा वहीपासूनच होते, काचेची कपाटे नंतर येतात.

पाचवी, उत्पन्न. रस्त्याच्या बाजूने गाळे बांधून कमानी झाकण्याऐवजी कमानींतच काही चालू शकेल का? एका कमानीत वाचनालय, एकीत महिला बचत गटाचा चहा-नाश्ता, एकीत सुट्टीत मुलांचे वर्ग. सराईतून जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेच्या दिवसांत हिंदू-मुस्लिम दोन्ही भाविक पायी जातात. त्यांना पाणी आणि सावली देणे हे सराईचे मूळ कामच होते. ते काम पुन्हा सुरू झाले तर दानपेटीही भरेल आणि गावातला प्रत्येक माणूस सराईला आपली म्हणेल.

या पाचव्या मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. कमिटीतल्या एका भाईंनी सरळ विचारले, "टीचर, चहाच्या पैशावर सहा गाळ्यांचं भाडं निघेल का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रामाणिकपणे सांगितले की निघणार नाही, निदान पहिली काही वर्षे. तेव्हा मागच्या बाजूला, विहिरीपलीकडे, दोन गाळे काढता येतील का ते पाहायचे ठरले. हौद बुजवायचा नाही, हे मात्र पक्के झाले. हाजीसाहेबांनीच शेवटी सांगितले की त्यांच्या लहानपणी त्या हौदावर वजू करून लोक मुसाफिरांना भाकरी वाढायचे. "मी विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले.

तुमच्या घरासाठी

वाचकहो, आपल्या सगळ्यांकडे आगा खान न्यासाचा पैसा नाही. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. या सुट्टीत मुलांना एक तरी जुनी जागा दाखवा, मॉलच्या जोडीला. जाण्याआधी घरी अर्धा तास तिच्यावर बोला. तिथे गेल्यावर मुलांना साल विचारू नका, पाणी कुठून यायचे ते शोधायला सांगा. दादी-नानींना बरोबर न्या, त्या फलकापेक्षा जास्त सांगतात. भिंतीवर नाव कोरणाऱ्या पोराचा हात धरा, मग तो आपला भाचा का असेना. सोय नसेल तर नोंदवहीत तक्रार लिहा, चांगली असेल तर तेही लिहा. कारागिराची वस्तू घेताना फार घासाघीस करू नका.

आणि घरातल्या ट्रंकेत पडदादांचे एखादे पत्र, निकाहनामा, जुनी तसबीर असेल तर ती रद्दीत देण्याआधी एकदा मुलांना वाचून दाखवा.

आमच्या सराईच्या छताचे काम पावसाळ्याआधी सुरू होईल, इन्शाअल्लाह. वहीतली पहिली नोंद आमच्या त्याच मुलीने केली, जिने सहलीवर तीन ओळी लिहिल्या होत्या. आता ती दहावीत आहे. क्रमांक एक : पितळी दिवा, बुडाला डाग. शेरा : कोणी पेटवत असे ते विचारून लिहायचे आहे.